पाणलाव्याचं डोकं : काचेवर आदळलेल्या एका पक्ष्याची केस

पक्षी सामान्य पाणलावा, म्हणजे कॉमन स्नाइप. वजन ९६ ग्रॅम, चोच ६७ मिलिमीटर. सापडला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका काचेच्या इमारतीच्या पायथ्याशी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पहाटे. सोबत आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'डोक्याला जबर मार. डोळे मागे सरकलेत. कान सापडत नाही. चोचीचं टोक सुजलंय. आशा कमी.'

चिठ्ठी लिहिणाऱ्या स्वयंसेवक मुलाने मनापासून तपासलं होतं आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. डोळे खरोखरच मागे होते. कान नेहमीच्या जागी नव्हता. चोचीचं टोक फुगीर होतं. पण यातलं एकही लक्षण माराचं नव्हतं, पाणलाव्याचं डोकं मुळातच तसं असतं. मार बसला होता हे मात्र खरं, आणि तो जिथे बसला होता त्या जागेचा चिठ्ठीत उल्लेखच नव्हता.

मुंबईत पशुवैद्याच्या टेबलावर येणारे जखमी पक्षी म्हणजे बहुतेक घारी, कबुतरं, कावळे, पोपट, कोकिळा, गव्हाणी घुबडं. संक्रांतीच्या सुमाराला मांज्याने कापलेले पंख. या पक्ष्यांवर हात बसलेला असतो. पाणथळीचे पक्षी त्या मानाने फार कमी येतात आणि आले की हीच बसलेली सवय आड येते. म्हणून ही केस सविस्तर लिहिते आहे. यातला मुख्य मुद्दा आधीच सांगते : घार किंवा मैना समोरचा तुकडा उचलून खायला लागली की तिला दिसतंय असं आपण धरून चालतो आणि ते बरोबरच असतं. पाणलाव्याला हा नियम लावला, तर अर्धा आंधळा पक्षी आपण धडधाकट समजून सोडून देऊ.

खोक्यातला पक्षी

इमारतीच्या रखवालदारांना तो कुंड्यांच्या रांगेमागे पडलेला दिसला. ते मूळचे माणगावकडचे. त्यांनी आधी त्याच्यावर टॉवेल टाकला, टॉवेलासकट उचललं आणि झेरॉक्सच्या कागदाच्या रिकाम्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. पाणी पाजलं नाही, तांदूळ टाकले नाहीत, चोच उघडून पाहिली नाही. इतकं सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर करणारी माणसं क्वचित भेटतात. फोनवर ते म्हणाले, "मॅडम, हा आमच्याकडं भाताच्या खाचरात असतो. पाय पडायची वेळ आली तरी हलत नाही, आणि मग एकदम उडतो. हा इथं कशाला आला?"

प्रश्न रास्त होता. पाणलावे उत्तर युरोप आणि सायबेरियाच्या पट्ट्यात वीण करतात, काही काश्मीरकडेही. थंडीच्या तोंडावर ते दक्षिणेकडे येतात आणि हा प्रवास मुख्यतः रात्री होतो. मुंबईच्या आसपास त्यांना हवी तशी जमीन अजून शिल्लक आहे : वसईची खाचरं, उरण-पनवेलच्या पाणथळी, कर्जतकडची भातशेती. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या अंगाने मिठी नदी वाहते, पुढे माहीमची खाडी आणि तिवरांची रांग. वरून उतरणाऱ्या पक्ष्याला पाण्याचा आणि चिखलाचा अंदाज येतो. वाटेत उजळलेली काच उभी आहे, हे मात्र त्याला कळायला काही मार्ग नाही.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून ठेवलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि जखमी रानपक्षी परस्पर घरी ठेवता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. मग ओळख पक्की केली. आपल्याकडे हिवाळ्यात पाणलाव्याच्या दोन जाती अगदी शेजारी-शेजारी दिसतात, त्यांतली दुसरी टाचणीसारख्या शेपटीची, म्हणजे पिनटेल स्नाइप. तिच्या शेपटीत साधारण २६ पिसं असतात आणि कडेची पिसं काडीइतकी अरुंद. या पक्ष्याच्या शेपटीत १४ पिसं भरली, कडेचीही रुंद होती, आणि पंख उलगडल्यावर मागच्या काठाला पांढरी किनार स्पष्ट दिसली. सामान्य पाणलावा. पंख, खांदे, छातीचं हाड, पाय सगळं ठीक. हे सगळं मंद उजेडात आणि पटापट उरकलं, कारण चिखलपक्ष्यांना हाताळणीच्या ताणाने स्नायूंची कायमची हानी होऊ शकते. जखमेपेक्षा तपासणी महागात पडायची.

डोळे मागे, कान खाली

पाणलावा बाजूने पाहिला तर डोळा डोक्याच्या मध्यावर नसतोच. तो वर असतो आणि पार मागे, जवळजवळ टाळूच्या कडेला. समोरून पाहणाऱ्याला कपाळ नको तितकं लांब वाटतं आणि डोळे कुणीतरी मागे ढकलल्यासारखे. काचेवर आदळलेल्या पक्ष्यात हे दिसलं की कवटी दबली अशी शंका येणं स्वाभाविक आहे.

ही ठेवण का, ते पक्षी खाताना पाहिला की उमगतं. पाणलावा चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. त्या वेळी डोळे पुढे असते तर त्याला फक्त चिखल दिसला असता. डोळे मागे आणि वर असल्यामुळे चोच जमिनीत आणि नजर आभाळात, अशी दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. पाणलाव्याच्या जवळच्या नात्यातला वुडकॉक या बाबतीत सर्वांत पुढे गेलेला आहे. १९९४ साली ग्रॅहम मार्टिन यांनी युरेशियन वुडकॉकचं दृष्टिक्षेत्र मोजलं, तेव्हा आडव्या पातळीत त्याला सभोवार दिसतं असं आढळलं. मान न वळवता पुढचं आणि मागचं दोन्ही. पण याची किंमत मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांना मिळून दिसणारा पट्टा पुढे आणि मागे अगदी अरुंद उरतो. बाकी सगळं जग दोन डोळ्यांत वाटलेलं : डावीकडचं फक्त डाव्या डोळ्याला, उजवीकडचं फक्त उजव्याला. एकाच्या जागी दुसरा उभा राहू शकत नाही. हा मुद्दा पुढे या केसमध्ये निर्णायक ठरला.

डोळे इतके मागे न्यायचे तर मेंदूला तिथून हलावं लागतं. वुडकॉकच्या कवटीत मेंदू आपल्या अक्षावर इतका वळलेला असतो की इतर पक्ष्यांत मागे असणारा अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, खालच्या अंगाला येतो. १९५९ साली स्टॅन्ली कॉब यांनी अमेरिकन वुडकॉकमधला हा कोन अभ्यासला होता. पाणलाव्यात वळण तेवढं टोकाचं नाही, पण दिशा तीच. पाठीचा कणा कवटीला मागून न येता खालून येऊन मिळतो. म्हणूनच पाणलावा बसलेला असो की उडत असो, चोच तिरकी खाली धरतो. ती मान मोडल्याची खूण नाही.

आणि कान. बहुतेक पक्ष्यांत कानाचं भोक डोळ्याच्या मागे, थोडं खाली असतं. आमचा हात आपोआप तिथेच जातो. पाणलाव्यात डोळ्याने ती जागा घेतलेली असते, त्यामुळे कान डोळ्याच्या मागे नसून खाली असतो. पिसांनी पूर्ण झाकलेला. चिठ्ठीत 'कान सापडत नाही' लिहिलं होतं ते यामुळे.

ओल्या कापसाच्या बोळ्याने उजव्या डोळ्याखालची पिसं बाजूला केली. भोक स्वच्छ, कडा फिकट गुलाबी. डावीकडे तसंच केलं, तेव्हा दोन पिसं एकमेकांना चिकटलेली आढळली. कोमट पाण्याने ती सोडवली. खाली कानाच्या काठावर सुकलेल्या रक्ताची बारीक कड होती, काळपट तांबडी, नखाच्या टोकावर मावेल एवढी. नेहमीच्या जागी, म्हणजे डोळ्याच्या मागे शोधत बसलं असतं, तर कोरडी, चांगली कातडी दिसली असती आणि 'कानातून रक्तस्राव नाही' अशी नोंद झाली असती.

डोक्याला मार बसून कानातून रक्त आलं असेल, तर त्या बाजूच्या डोळ्याच्या आत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डावा डोळा

बाहेरून डोळा उत्तम दिसत होता. बुबुळ स्वच्छ, पापण्या ठीक, पुढच्या कप्प्यात रक्त नाही. उजेड टाकला की बाहुली आकसत होती.

पक्ष्यांच्या बाहुलीवर मात्र फार विसंबू नये. सस्तन प्राण्यांत एका डोळ्यात उजेड टाकला की दुसऱ्याचीही बाहुली आकसते आणि त्यावरून मज्जातंतूंचा अंदाज घेता येतो. पक्ष्यांत दृष्टितंतू पूर्णपणे एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे हा दुहेरी प्रतिसाद नसतो. शिवाय त्यांच्या बाहुलीचे स्नायू इच्छेच्या ताब्यातले असतात. घाबरलेला पक्षी बाहुली स्वतःहून लहान-मोठी करतो. याच कारणाने कुत्र्यामांजरांत बाहुली मोठी करायला वापरतात ते अ‍ॅट्रोपिनचे थेंबही पक्ष्यांत उपयोगाचे नाहीत. खोली अंधारी करायची, बाहुली आपोआप पसरू द्यायची आणि तेवढ्या क्षणात आत डोकवायचं.

तसं डोकावलं. पक्ष्यांच्या डोळ्यात मागच्या पडद्यावरून पुढे आलेला एक काळा, चुण्यांचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव असतो. त्याला पेक्टेन म्हणतात. पडद्याला पोषण पुरवण्याचं काम तो करतो, आणि आदळलेल्या पक्ष्यात सगळ्यात आधी रक्त सुटतं ते बहुधा इथूनच. उजव्या डोळ्यात पेक्टेनच्या चुण्या एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. डाव्या डोळ्यात तिथे तांबूस ढग होता आणि चुण्या दिसतच नव्हत्या.

उपचारात फारसं काही नाट्य नव्हतं. उबदार, अंधारी, शांत जागा. कातडीखाली सलाईन. वेदना आणि दाह कमी करायला मेलॉक्सिकॅम. स्टेरॉइड दिलं नाही. डोक्याच्या मारात ते देण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे, पण पक्ष्यांत त्याने प्रतिकारशक्ती खचते आणि बुरशी फुफ्फुसात शिरायला वाट मिळते. दमट जागेत ठेवायच्या चिखलपक्ष्याला तर ते मुळीच परवडणारं नाही.

चोच नावाचा अवयव

'टोक सुजलंय' या नोंदीकडे येते. कावळ्याची किंवा पोपटाची चोच आपल्या डोक्यात इतकी बसलेली असते, की चोच म्हणजे नखासारखं कठीण, निर्जीव हत्यार अशी समजूत होते. पाणलाव्याची चोच तशी नाही. तिच्यावरचं आवरण पातळ आणि मऊ असतं, आणि टोकाजवळ ती किंचित फुगीर, ओलसर, जिवंत दिसते. बोटाने हळूच स्पर्श केला तर तिथे दबते. हे निरोगी टोक.

त्या आवरणाच्या खाली हाडाला बारीक बारीक खड्डे असतात. संग्रहालयातला वाळवलेला पाणलावा पाहिलात तर तिथे आवरण आकसून हे खड्डे वरूनही उठून दिसतात. जिवंत पक्ष्यात ते मज्जातंतूंच्या सूक्ष्म, स्पर्श टिपणाऱ्या टोकांनी भरलेले असतात. त्यांना हर्बस्ट कणिका म्हणतात, आणि दाबातला, कंपनातला अतिशय सूक्ष्म बदल त्या टिपतात. एकेका खड्ड्यात त्या गटाने असतात आणि चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूतून थेट मेंदूला कळवतात. चिखलात चोचीने शोधणाऱ्या पक्ष्यांत मेंदूचा हा स्पर्श नोंदवणारा भागही इतरांपेक्षा मोठा असतो. पाणलाव्याच्या कुळातल्याच रेड नॉट या पक्ष्यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली प्रयोग प्रसिद्ध केले. ओल्या वाळूत पुरलेल्या शिंपल्याला चोच न लागताही हा पक्षी ओळखतो. चोच खुपसताना वाळूच्या कणांमधल्या पाण्यावर दाब पडतो, वाटेत कठीण वस्तू असेल तर तो दाब वेगळ्या रीतीने पसरतो, आणि तो फरक टोकाला कळतो. किवी आणि शराटी हे पाणलाव्याच्या दूरच्याही नात्यात बसत नाहीत, पण त्यांच्या चोचीच्या टोकातही अशीच रचना आहे.

दुसरी करामत हालचालीची. बहुतेक पक्ष्यांत वरची चोच हलते ती मुळाशी, कपाळाच्या सांध्यात. सगळी चोच एकसंध उचलली जाते. चिखलात सहा-सात सेंटिमीटर खोल गेलेली चोच अशी उघडायची म्हणजे वरचा सगळा चिखल उचलायचा, आणि तेवढी ताकद कुठल्याच एवढ्याशा पक्ष्यात नाही. पाणलावा फक्त टोक उघडतो, चिमट्यासारखं. कवटीच्या मागच्या बाजूचं क्वाड्रेट नावाचं हाड पुढे झुलतं, ते गालाखालच्या आणि टाळूच्या बारीक हाडांना पुढे ढकलतं, तो धक्का चोचीच्या लांब, सडपातळ हाडांतून टोकापर्यंत पोचतो, आणि टोकाजवळ जिथे हाड पातळ आणि लवचिक आहे तिथे वरची चोच वाकते. मुळाशी चोच मिटलेली, टोकाला उघडी. गांडूळ सापडलं की पकडायचं, आणि लहान भक्ष्य असेल तर चोच बाहेर न काढता चिखलातच गिळून टाकायचं.

हे वाचायला सुंदर आहे, पण दवाखान्यात याचा अर्थ अगदी व्यवहारी होतो. पाणलाव्याला तारेच्या पिंजऱ्यात ठेवायचं नाही, कारण जाळीतून चोच घालून तो टोक सोलून घेतो आणि आपला शोधण्याचा अवयवच गमावतो. खोका चोचीच्या लांबीला पुरेल एवढा मोठा हवा, आतून मऊ कापड लावलेला. औषध तोंडाने द्यायची वेळ आलीच तर चोच टोकाकडून कधीही उघडायची नाही. गालाजवळ, अगदी मुळाशी, बोटाच्या पेराने. टोकाला जोर लावला तर ते वाकतं, आणि वाकायला बनलेलं हाड उलट्या दिशेने वाकलं की मोडतं. खाणं स्टीलच्या वाटीत ठेवलं तर तो उपाशी मरेल, कारण त्याला शोधायला चिखलच नाही.

एक्स-रे

चिठ्ठीमुळे नव्हे, तर कानातल्या रक्तामुळे कवटीचा एक्स-रे काढला. जिथे काढला तिथल्या तंत्रज्ञाने प्लेट उजेडाला धरली आणि म्हणाला, "मॅडम, मान निखळलीये. इथे बघा, कणा खालून येतोय." दुसरं बोट त्याने चोचीच्या टोकाजवळच्या पातळ भागावर ठेवलं. "आणि इथे फ्रॅक्चर."

कुत्री, मांजरं, पोपट बघणाऱ्या नजरेला दोन्ही गोष्टी तशाच दिसणार. पण कणा खालून येणं ही पाणलाव्याची रीत आहे, आणि टोकाजवळचं हाड पातळ असणं ही वाकण्याची सोय. खरं फ्रॅक्चर ओळखायला दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, पातळ भागाची कड दोन्ही बाजूंना एकसारखी उतरत जात होती, कुठे खाच किंवा तुकडा नव्हता. दुसरी, जिवंत पक्ष्यात वरची आणि खालची चोच टोकाशी नेमकी जुळत होती. कवटीच्या तळाच्या हाडांतही कुठे पायरी नव्हती. मार होता तो डोळ्यात आणि कानात, हाडांत नव्हता.

खातोय, पण दिसतंय का?

पसरट ट्रेमध्ये बोटभर ओली माती आणि आत गांडुळं, अशी व्यवस्था केली. पहिल्या रात्री त्याने हात लावला नाही. दुसऱ्या संध्याकाळी, खोलीत काळोख पडल्यावर, मातीवर भोकं पडायला लागली. एकाशेजारी एक, रांगेत.

चोच नीट चालते का ते पाहायला स्वयंसेवक मुलाने एक चांगली युक्ती काढली. काचेच्या उभट, अरुंद डब्यात पातळ चिखल भरला, इतका की बाजूने आतलं दिसावं, आणि मंद तांबड्या उजेडात वाट पाहिली. पक्ष्याने काचेलगत चोच घातली. ती एकदम खाली गेली नाही. छोटे छोटे धक्के देत, शिवणयंत्राच्या सुईच्या गतीने, टप्प्याटप्प्याने खाली उतरली. मग थांबली. वरची चोच टोकापासून साधारण सेंटिमीटरभर अलीकडे वरच्या बाजूला वाकली, टोक काही मिलिमीटर उघडलं, आणि तेवढ्या फटीत गांडुळाचा शेंडा आला. मुळाशी चोच मिटलेलीच. "ताई, हे तर नुसतं टोक हललं," मुलगा कुजबुजला. टोक एकसारखं उघडत होतं, एका बाजूला कलत नव्हतं. चोचीची परीक्षा तिथेच संपली.

दोन-तीन दिवसांत वजन वाढू लागलं. आता सगळ्यांचं म्हणणं एक झालं : खातोय, उभा राहतोय, पंख मारतोय, सोडून द्या. त्यामागची तळमळ मला समजते. चिखलपक्षी डांबून ठेवण्यात खरा धोका असतो. तळपायाला फोड येतात, पिसांचं तेल जातं, बुरशीची लागण होते. प्रत्येक जादा दिवस त्याच्या विरोधात मोजला जातो.

पण इथे शितावरून भाताची परीक्षा चालणार नव्हती. घार समोरचा तुकडा उचलते तो बघून. पाणलावा गांडूळ शोधतो ते टोकाच्या स्पर्शाने, काळोखात, चिखलाच्या आत, जिथे डोळ्याला काम नाही. दोन्ही डोळे गेलेला पाणलावाही ट्रेमधलं गांडूळ खाईल आणि त्याचं वजनही वाढेल. त्याचे डोळे खाण्यासाठी नाहीतच. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाचरावरून कमी उंचीने उडत आला, बहिरी ससाणा वरून सुटला, तर ते वेळेत कळावं यासाठी ते आहेत. आणि त्याचा डावा डोळा गेला, तर डावीकडचं अर्धं जग गेलं. उजवा डोळा ती बाजू भरून काढू शकत नाही, कारण त्याच्या वाट्याला ती बाजू कधी आलेलीच नाही.

म्हणून चाचणी डोळ्याची घ्यायची ठरवली. साधी पद्धत म्हणजे डोळ्यासमोर हात झटकायचा. पक्ष्यांत ती फसवी आहे. हाताचा वारा पिसांना लागला की पक्षी दचकतो आणि आपण म्हणतो दिसलं. खोक्याच्या दोन बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावलं, मी पडद्याआड बसले, आणि काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा काठीला बांधून मागून, आवाज न करता, प्लास्टिकच्या बाहेरून सरकवला. पाणलाव्याचं उत्तर ठरलेलं असतं : तो उडत नाही, जमिनीला चिकटतो. पाय मुडपून, चोच मातीला टेकवून, एकदम स्थिर. रखवालदारांनी सांगितलं होतं ते हेच.

पुठ्ठा उजवीकडून आला की तो झटकन दबून बसायचा. डावीकडून आला की काही नाही. चोच चिखलात तशीच चालू. पुठ्ठा सरकत पुढे आला आणि उजव्या डोळ्याच्या टप्प्यात शिरला, की तेव्हा कुठे दबायचा. रानात तेवढ्या उशिराने काम भागत नाही.

ठेवायचं ठरलं. ट्रेखाली ओला स्पंज आणि मऊ चटई, रोज बदललेली माती, दिवसातून एकदाच हाताळणी आणि तीही वजनापुरती. नजर ठेवायची ती डोळ्याच्या आतल्या ढगावर. आधी तो तांबूस होता, मग तपकिरी झाला, मग कडेने विरळ व्हायला लागला. रक्त शोषलं जातं, पण पक्ष्याच्या घाईने नव्हे. काही आठवड्यांनी पेक्टेनच्या वरच्या चुण्या दिसू लागल्या, नंतर मधल्या. खालच्या कोपऱ्यात एक धूसर डाग राहिला तो शेवटपर्यंत. या काळात एकदा तळपायावर लालसर ठिपका दिसला आणि मला खरंच काळजी वाटली. चटई आणखी मऊ केली, ठिपका गेला.

एका संध्याकाळी पुठ्ठा डावीकडून सरकवला आणि तो दबून बसला. लगेच खूश व्हायचं नाही असं ठरवून उजवी, डावी, मधे काहीच नाही, असा क्रम बदलत पुन्हा पुन्हा घेतलं. काही नसताना तो हलला नाही. डावीकडून मागून आला तरी दबला, डावीकडून वरून आला तरी दबला. फक्त डावीकडे अगदी खालून आलेला पुठ्ठा त्याला जरा उशिरा कळत होता. खालून येणारा धोका पाणलाव्याला फारसा नसतो, आणि चिखलात उभं राहिल्यावर डोळा जमिनीपासून बोटभरच उंच असतो. एवढी उणीव पत्करायची असं मी ठरवलं.

सोडणं

जिथे सापडला तिथे सोडायचा, हा सर्वसाधारण नियम आहे आणि बहुतेक पक्ष्यांना तो योग्यही आहे. इथे मोडला. तो पाणलावा वांद्रे-कुर्ला संकुलाचा रहिवासी नव्हता, प्रवासात तिथे पडला होता. मिठीच्या काठचा चिखल खारा, शेजारी तीच काच, तेच दिवे. वनविभागाशी बोलून वसईकडची भातखाचरं निवडली. भात कापून झालेलं, बांधाच्या कडेने पाणी अजून साचलेलं, आणि माती अशी की काडी सहज आत जावी. माझ्या दृष्टीने हाच निकष महत्त्वाचा होता. पाणलाव्याला नुसतं पाणी असून चालत नाही, चोच आत जायला हवी. वेळ संध्याकाळची निवडली, कारण तो तेव्हाच चरायला लागतो आणि दिवसा हिंडणारे शिकारी तोवर बसायच्या जागी गेलेले असतात.

खोका बांधावर आडवा ठेवून झाकण उघडलं. तो लगेच बाहेर आला नाही. मग चालत आला, दोन पावलं, आणि डावीकडे बांधावर उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलाने हात वर केला तसा जागीच दबला. मुलाने मुद्दाम केलं नव्हतं, घाम पुसायला हात उचलला होता. पण डावीकडूनच. नंतर तो उडाला, नागमोडी वळणं घेत, 'स्केप' असा एकच घोगरा आवाज करत, पंखाची पांढरी किनार दाखवत, आणि तीन-चार खाचरं ओलांडून खाली उतरला.

एक्स-रेची प्लेट परत आणायला गेले तेव्हा तंत्रज्ञाने ती ठेवून घेऊ का असं विचारलं. पाकिटावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं : 'पाणलावा. कवटी निरोगी. कणा खालून, टोक पातळ.' आणि तारखेसह ती पक्ष्यांच्या कप्प्यात, पोपटाच्या प्लेटशेजारी लावून टाकली.